डेकखाली अस्वल, वठलेल्या ॲशच्या झाडावर सुतार पक्षी – सल्ला हवा आहे

रानजाई | २६ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, पण आधी सगळं सविस्तर सांगते. इथे पक्षी-प्राणी पाहणारी बरीच माणसं आहेत, कुणाला तरी या नोंदींचा उपयोग होईल.

आम्ही न्यू जर्सीच्या वायव्य कोपऱ्यात, ससेक्स काउंटीत राहतो. घरामागे उतार आणि उताराला लागून ओक-हिकरीचं जंगल. मागच्या दाराबाहेर लाकडी डेक, म्हणजे उघडा ओटा, आहे. त्याची एक बाजू जमिनीपासून जेमतेम दोन फूट वर. पानगळीत पानं उडून तिथे साठतात, आम्ही कधी काढत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पाहिलं तर अंगणातली पानं कुणीतरी खराट्याने ओढून नेल्यासारखी दिसत होती. डेककडे जाणारा स्वच्छ पट्टा पडला होता. मला वाटलं वाऱ्याने झालं असेल. दुसऱ्या दिवशी कुत्रा डेकच्या फटीला नाक लावून नुसता थरथरत उभा राहिला, भुंकलाही नाही, तेव्हा लक्षात आलं.

वन्यजीव खात्याला फोन केला. एक बाई आल्या, लांबून टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाल्या की काळं अस्वल आहे, मादी असावी. शक्य असेल तर राहू द्या, कुत्र्याला पुढच्या दाराने बाहेर न्या, डेकवर नाचू-धावू नका, वसंतात ती आपली आपण जाईल. आम्ही हो म्हटलं.

माझी आई नोव्हेंबरात आली आहे. ती मूळची चिखलीची, बुलढाणा जिल्ह्यातली. दुपारचं ऊन मागच्या काचेच्या दाराशी येतं, तिथे खुर्ची टाकून ती विणत बसते. परवा, २४ तारखेला, मला म्हणाली, "अगं, इतक्या थंडीत मधमाश्या कशा?" बाहेर उणे ११ सेल्सियस. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. लाकडाखालून बारीक, सलग, थरथरता आवाज येत होता. शिवणयंत्र दोन खोल्या पलीकडे चालू असावं तसा. मध्येच थांबायचा, एक चिरकी कुरकुर, की पुन्हा सुरू. पिल्लं दूध पीत होती! मी तिथेच बसून रडले, खरं सांगते.

आता दुसरी गोष्ट. डेकपासून चाळीस फुटांवर एक मोठं ॲशचं झाड आहे, दोन वर्षांपूर्वी वठलेलं. पन्ना रंगाच्या भुंगेऱ्याने मारलं त्याला. हा किडा आशियातून आला, २००२मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि २०१४मध्ये न्यू जर्सीत. कोट्यवधी ॲश गेले. पण आमचं हे मेलेलं झाड आमच्या आवारातल्या कुठल्याही जिवंत झाडापेक्षा जास्त गजबजलेलं असतं. या हिवाळ्यात त्यावर डाउनी, हेअरी, रेड-बेलीड आणि पिलिएटेड असे चार जातींचे सुतार नोंदवलेत. वरची करडी साल इतकी सोलली आहे की दुरून खोड पिवळसर गोरं दिसतं. तिरक्या फांदीच्या खालच्या अंगाला एक छोटं गोल छिद्र आहे. डाउनीचा एक नर (मानेवर लाल ठिपका) रोज मावळतीच्या आधी त्यात शिरतो आणि सकाळी सूर्य चांगला वर आल्यावर बाहेर येतो. १९ डिसेंबरपासून मी त्याच्या वेळा लिहितेय. ढगाळ दिवशी तो संध्याकाळी लवकर घरी परततो.

आणि आता प्रश्न. आमच्या वसाहतीच्या सोसायटीचं पत्र आलंय: वठलेलं झाड फेब्रुवारीअखेर पाडा, नाहीतर दंड. झाडाचा वरचा भाग शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे कलला आहे, त्यामुळे त्यांची काळजी खोटी नाही. पण चाळीस फुटांवर करवत लावली तर डेकखाली काय होईल? कुणाला असा अनुभव आहे का?

टिपणवही | २७ जानेवारी, सकाळी ८:२२

रानजाई, काय सुंदर नोंदी आहेत! संध्याकाळच्या वेळा लिहिणं थांबवू नका.

ते छिद्र म्हणजे घरटं नव्हे, रात्रीचा निवारा. पुष्कळ जणांना वाटतं सुतार ढोली करतो ती फक्त अंड्यांसाठी. थंड प्रदेशातले सुतार शरद ऋतूत झोपण्यासाठी वेगळी ढोली कोरतात आणि प्रत्येक पक्षी एकटा झोपतो. नर-मादी एकत्र नाहीत. डाउनीचं वजन २५-२८ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर. तेवढ्या जिवाला पंधरा तासांची रात्र काढायची असते. छिद्र तिरक्या फांदीच्या खालच्या बाजूला असण्यामागेही अर्थ आहे: पाऊस-बर्फ आत जात नाही.

साल सोलणं हेही बरोबर पाहिलंत. भुंगेऱ्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करून हिवाळा काढतात आणि सुतार त्यांनाच शोधतो. अमेरिकेत तर झाड आजारी आहे हे माणसाला कळण्याआधी सुतारांच्या या सोललेल्या पट्ट्यांवरून कळतं. इंग्रजी D अक्षरासारखी चपटी छिद्रं दिसली तर ती भुंगेरा बाहेर पडल्याची, सुताराची नव्हेत.

एक काम करून पाहा. आवारात गोल्डनरॉडची वाळलेली झुडपं असतील तर देठावर लाडवासारख्या गाठी दिसतात का बघा. त्यात एका माशीची अळी असते, ती स्वतःच्या अंगात ग्लिसरॉल साठवून गोठणं सहन करते. डाउनीला ती फार आवडते. त्याने फोडलेल्या गाठीला सुबक, निमुळतं भोक असतं. चिकडी या छोट्या पक्ष्याने फोडली तर अर्धी गाठ विस्कटलेली असते. गाठ बघून कोण जेवून गेलं ते सांगता येतं.

झाडाबद्दल जाणकार बोलतीलच. माझं मत एकच: पाडू नका.

वाचनवेडी | २७ जानेवारी, सकाळी ९:०५

शिवणयंत्राचा आवाज वाचून अंगावर काटा आला. धागा वर ठेवतेय.

बुलढाणी | २७ जानेवारी, दुपारी १:४०

ताई, मावशींना माझा नमस्कार सांगा. चिखली म्हणजे आमच्या घरचंच माणूस झालं. माझं शेत ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला आहे. बुलढाणा–खामगाव रस्ता त्या जंगलातूनच जातो.

मावशी तुम्हाला सांगतील, आमचं अस्वल हिवाळ्यात झोपत नाही. झोपायची गरजच नाही त्याला. या दिवसांत बोरं पिकतात, बहाव्याच्या शेंगा काळ्या होतात आणि वारूळ तर बारा महिने आहेच. आमच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, नाकपुड्या मिटून. तो ओढण्याचा आवाज रात्री शंभरेक मीटरवरून सहज ऐकू येतो. रात्री पाणी द्यायला गेलो की मी आधी दोन मिनिटं उभा राहून कान देतो. फुर्र फुर्र आलं की मोटार चालू न करता माघारी. गव्हाचं पाणी एक दिवस उशिरा झालं तर चालतं.

पण एक गोष्ट तुमच्यासारखीच आहे. आमच्याकडेही मादी याच दिवसांत, नोव्हेंबर ते जानेवारीत, कपारीत नाहीतर स्वतः उकरलेल्या बिळात पिल्लं देते आणि पहिले काही आठवडे फारशी बाहेर येत नाही. दोन-अडीच महिन्यांनी पिल्लं पाठीवर बसवून निघते. माझ्या आज्यानं दाखवलं होतं मला लहानपणी: मार्चातली पहाट, बांधावरून मादी चाललेली आणि पाठीवरच्या दाट केसांत दोन पिल्लं, एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं. आज्या म्हणाला, "हलू नको, ती लेकरं घेऊन निघाली आहे." मी आजही तसाच उभा राहतो.

म्हणून सांगतो. आमच्याकडं कपारीजवळ आवाज केला, खणलं, दगड फोडले तर मादी अंगावर येते नाहीतर जागा सोडते. वाघाच्या रानात वाढलेलं जनावर आहे, पळण्याआधी भिडतं. तुमचं काळं अस्वल शांत असेल, पण बाळंतिणीच्या उशाशी करवत लावणं कुठल्याच मुलखात बरं नाही.

शंतनू_के | २७ जानेवारी, रात्री १०:३०

मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नका. घरात लहान मुलं आहेत का? आई वयस्कर आहेत. बुलढाणीच लिहितात की मादी अंगावर येते. अशा वेळी खात्याला सांगून अस्वल हलवणं जास्त जबाबदारीचं नाही का? निसर्गप्रेम मलाही आहे, पण दोन फुटांवर पिल्लांची आई ही मला फार मोठी जोखीम वाटते.

रानजाई | २७ जानेवारी, रात्री ११:१५

राग अजिबात नाही, हाच प्रश्न माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी विचारला. मुलगी नऊ वर्षांची आहे. मागचं दार आम्ही कुलूप लावून बंद ठेवलंय आणि किल्ली माझ्याकडे असते. खात्याच्या बाईंनी सांगितलं की इथली काळी मादी बहुतेक वेळा माणसापासून लांब पळते, पिल्लं असली तरी ती झाडावर चढवते. खरा धोका मोकळा सुटलेला कुत्रा. तो सध्या पट्ट्याशिवाय बाहेर जात नाही.

एक चूक कबूल करायची आहे. ऑक्टोबरभर मी पक्ष्यांसाठी सूर्यफुलाच्या बिया टांगून ठेवल्या होत्या आणि नोव्हेंबरात एका रात्री तो खांब कुणीतरी आडवा केला. त्या दिवसांत अस्वल दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत खातं. म्हणजे तिला या अंगणाची वाट मीच दाखवली असणार. इथे अस्वलाला खाऊ घालणं कायद्याने बंद आहे. बिया टांगताना मनात पक्षीच होते, पण अस्वलासाठी ते ताटच होतं. आता ती शिस्त कायमची: डिसेंबरपूर्वी काही टांगायचं नाही आणि मार्च संपायच्या आत सगळं उतरवायचं. सुतारांसाठी दुकानात गाईच्या चरबीच्या वड्या मिळतात, त्या घरात आणायला आईला नको वाटतं, म्हणून शेंगदाण्याचं लोणी आणि मक्याचं पीठ मळून ओंडक्याच्या भोकांत भरते. दिवसा टांगते, अंधार पडायच्या आत घरात.

गुरांचा_डॉक्टर | २८ जानेवारी, सकाळी ७:१८

मी अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात गुरांचा डॉक्टर आहे, अस्वलाशी प्रत्यक्ष संबंध नाही. पण शीतनिद्रेच्या शरीरशास्त्राने मला कॉलेजपासून वेड लावलं आहे, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. शंतनूंच्या प्रश्नालाही यात उत्तर आहे.

अलास्काच्या फेअरबँक्स विद्यापीठात पाच काळ्या अस्वलांना कृत्रिम गुहांत ठेवून पूर्ण हिवाळा मोजमाप केलं, ते २०११मध्ये प्रसिद्ध झालं. हृदयाचे ठोके मिनिटाला ५५वरून १४वर आले होते. शरीराचा ऊर्जाखर्च एक चतुर्थांश. पण तापमान फक्त ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान. खारीच्या कुळातले शीतनिद्रा घेणारे प्राणी जवळपास गोठणबिंदूपर्यंत थंड होतात, त्यांना जागं व्हायला तास लागतात. अस्वल तसं नाही. ते गाढ झोपेत असल्यासारखं दिसतं, पण खुडबूड झाली की मान वर करतं. म्हणून "झोपलेलंच आहे, करवत चालवली तर काय कळणार" हा युक्तिवाद चुकीचा.

आता मला सगळ्यात थक्क करणारा भाग. हे जनावर चार महिने खात नाही, पाणी पीत नाही, लघवी-शेण काही करत नाही. आपली गाय दोन दिवस लघवी थांबली तर रक्तात युरिया चढून मरणाच्या दारी जाते. अस्वल तोच युरिया फिरवून त्यातल्या नायट्रोजनची पुन्हा प्रथिनं बनवतं. चार महिने न हलता पडून राहिलेल्या माणसाची हाडं ठिसूळ होतील, याची होत नाहीत.

आणि या उपासात ती बाळंत होते. मिलन जून-जुलैत झालेलं असतं, पण गर्भ नोव्हेंबरपर्यंत गर्भाशयाला चिकटत नाही, तरंगत थांबतो. शरदात अंगावर पुरेशी चरबी चढली नाही तर तो रुजतच नाही. जानेवारीत पिल्लं होतात, प्रत्येकी २०० ते ३०० ग्रॅम. एवढ्या मोठ्या आईचं मूल पेरूएवढं! डोळे मिटलेले, अंगावर लव. ऊब आईच्या पोटाचीच. पिल्लं शीतनिद्रेत नसतात, ती पितात, झोपतात, गुणगुणतात. आई त्यांना चाटते, कुशीत फिरवते, त्यांची घाण स्वतः खाऊन जागा स्वच्छ ठेवते. वरून एक थेंब पाणी न पिता तूप-लोण्यासारखं दाट दूध देते.

या दिवसांत ती घाबरून उठून गेली तर स्वतः दुसरीकडे तग धरेल. पिल्लं उणे अकरात तग धरणार नाहीत. शंतनू, हलवण्याचं काम करायचंच झालं तर ते खात्याने, आणि तेही अगदीच नाइलाज असेल तर.

करवत | २८ जानेवारी, रात्री ८:४५

मी पेनसिल्व्हेनियात झाडं तोडण्याच्या कामात अकरा वर्षं आहे. मूळ गाव गडहिंग्लज. रानजाई, या धाग्यात सगळे "पाडू नका" म्हणतायत, मी थोडा आडवा जाणार आहे.

भुंगेऱ्याने मारलेला ॲश हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात घातकी झाड. ओक वठला तरी वर्षानुवर्षं उभा राहतो. ॲशचं लाकूड एक-दोन वर्षांत कोरडं, ठिसूळ होतं आणि काही इशारा न देता काडकन तुटतं. मी त्यावर माणूस चढवत नाही, पाळण्याची गाडी (माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी) लावूनच काम करतो. तुमचा शेंडा शेजाऱ्यांकडे कललाय म्हणता, तर तो गेलाच पाहिजे.

पण "झाड गेलं पाहिजे" आणि "शेंडा गेला पाहिजे" यात फरक आहे. मी दर वर्षी काही गिऱ्हाइकांना समजावून १५ ते २० फुटांचा बुंधा उभा ठेवतो. पडला तरी कशावर पडणार नाही एवढीच उंची. त्याला इथे वाइल्डलाइफ स्नॅग म्हणतात. सोसायटीला लेखी कळवा की धोकादायक भाग काढतोय आणि उंची मोजून द्या. बहुतेक ठिकाणी चालतं.

आता वेळ. आम्हाला जानेवारी-फेब्रुवारी सोयीचा, कारण जमीन गोठलेली असते, जड गाडी लॉनमध्ये रुतत नाही. पण तुमच्या बाबतीत गाडी, करवत आणि लाकूड भरडणारं यंत्र हे सगळं डेकशेजारी तासन्‌तास. तो आवाज मी कानाला बोंडं लावून सहन करतो. मी तरी ते काम आत्ता घेणार नाही.

दुसरी बाजूही बघा. पिल्लंवाली मादी मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत निघते. एप्रिलच्या उत्तरार्धात सुतार घरट्याची ढोली कोरायला लागतात आणि एकदा अंडी पडली की १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याप्रमाणे त्या झाडाला हात लावता येत नाही. म्हणजे अस्वल गेलं आणि सुतार बसला नाही, असा तुमच्या हातात जेमतेम दहा-पंधरा दिवसांचा काळ आहे. आत्ताच माणूस ठरवा, त्याला "मी फोन केला की तीन दिवसांत यायचं" असं बांधून घ्या आणि सोसायटीकडून एप्रिलअखेरची मुदत मागा. खात्याच्या बाईंचं पत्र जोडा.

रानजाई | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:००

करवत, तुमचे उपकार कसे मानू. पत्र जोडलं, बुंधा १८ फूट ठेवण्याचा आराखडा दिला, पहिल्यांदा नकार आला. मग मी बैठकीला गेले आणि सोबत आई आली. तिने मराठीत सांगितलं, मी भाषांतर केलं: आमच्या गावात बाळंतीण असलेल्या घरासमोर सव्वा महिना कुणी उखळ-मुसळ वाजवत नसे. दोन जणांनी डोळे पुसले. ३० एप्रिलची मुदत मिळाली.

गेल्या पंधरा दिवसांच्या नोंदी:

गुणगुण दिवसातून बऱ्याचदा ऐकू येते, पूर्वीपेक्षा जाड झालीय. आई म्हणते तीन आवाज आहेत, मला दोनच कळतात. इथे एका वेळी तीन पिल्लं सर्रास होतात, त्यामुळे आईचं खरं असेल. बर्फ पडला की डेकच्या फटीशी एक वाफेचं भोक राहतं, कडेला पिवळट गोठलेली झालर. तिचा श्वास.

गाठी मोजल्या. मुलीने ३१ गाठी आणल्या, १२ फोडलेल्या होत्या. ८ना सुबक भोक, ४ विस्कटलेल्या. तिने वहीत दोन रकाने केलेत, "सुतार" आणि "चिकडी".

पिलिएटेड रोज सकाळी येतो. कावळ्याएवढा पक्षी, लाल तुरा. ॲशच्या बुडाशी त्याने वितभर लांब चौकोनी खाचा पाडल्यात. खाली पडलेल्या ढलप्यांत काळे मुंगळे सापडले, थंडीने ताठ पण मेलेले नाहीत. तळहातावर धरले तर पाय हलवायला लागले. लाकडात घर करणारे हे मुंगळे तो गाभ्यापर्यंत खोदून काढतो. आणि उन्हाळ्यात हेच मुंगळे खायला अस्वलं कुजके ओंडके फाडतात! म्हणजे डेकखालची आणि झाडावरचा, दोघांचं ताट एकच आहे, फक्त जेवायच्या वेळा वेगळ्या. एवढ्या वर्षांत मला हे दिसलं नव्हतं.

काल, ८ तारखेला, पहिल्यांदा वेगळा आवाज ऐकला. नेहमीची टकटक नाही, एकदम कडाडून ताशा वाजावा तसा. हाच का तो?

टिपणवही | १० फेब्रुवारी, सकाळी ६:५०

हाच! अन्न शोधताना तो ठोकतो ते अडखळत, कमी-जास्त जोराने असतं. हा ताशा म्हणजे त्याचं गाणं. सुताराला कोकिळेसारखा गळा नाही, म्हणून तो पोकळ, खणखणीत फांदी निवडतो आणि हद्द सांगतो, जोडीदार बोलावतो. माद्याही वाजवतात. दिवस मोठा होऊ लागला की सुरू होतं, थंडी कितीही असो.

लोक हमखास विचारतात की डोकं दुखत नाही का. कवटीत स्पंजासारखं हाड आहे, ते धक्का शोषतं, असं आपण सगळ्यांनी वाचलंय. २०२२मध्ये वेगवान कॅमेऱ्याने सुतारांचे ठोके मोजले तेव्हा दिसलं की कवटी धक्का शोषत नाही, ती कडक हातोड्यासारखी वागते. शोषला तर ठोका वाया जाईल. मेंदू वाचतो तो लहान आणि हलका असल्यामुळे. मी शाळांमधल्या कार्यक्रमांत दहा वर्षं जुनं उत्तर सांगत होतो, आता बदललंय.

आईंना एक भेट. आपल्या कोरड्या रानात, बाभळी-पळसावर एक छोटा सुतार असतो, पांढऱ्या ठिपक्यांची पाठ, पिवळं कपाळ, नराच्या डोक्यामागे लाल. १८०१मध्ये लॅथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं ते आपल्या मुलखावरून: महरत्तेन्सिस. मराठा सुतार. बुलढाणींच्या बांधावर नक्की असणार.

बुलढाणी | १० फेब्रुवारी, रात्री ८:२०

आहे ना! विहिरीजवळच्या वठलेल्या बाभळीवर जोडी आहे. यंदा ती बाभूळ सरपणाला काढायची ठरली होती. हा धागा घरी वाचून दाखवला, आता राहू दिली.

काल वारुळाजवळ ताजी उकर दिसली, कोपरभर खोल. लहान पावलं सोबत नाहीत, म्हणजे नर किंवा एकटी मादी. पिल्लंवालीची वाट बघतोय.

मावशींना विचारा, त्यांच्या लहानपणी दरवेशी यायचा का? आमच्या आज्यानं अस्वलाच्या केसाचा ताईत माझ्या बापाच्या गळ्यात बांधला होता. वेसण घातलेलं ते जनावर दारोदार नाचताना बघायला बाप नेहमी घरात लपायचा, असं सांगतो.

रानजाई | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

आईला विचारलं. यायचा म्हणाली. बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, त्याच्या नाकातून रक्त आलेलं मी पाहिलं होतं, नंतर मी कधी बघायला गेले नाही. मग खुर्ची काचेच्या आणखी जवळ ओढून बसली.

रानजाई | ३ एप्रिल, सकाळी ११:३०

बाहेर आली!! काल दुपारी ३:१० वाजता. आधी नाक, मग अर्धा तास काहीच नाही, मग पूर्ण. मला वाटलं होतं हाडांचा सापळा असेल, पण केस दाट असल्यामुळे तेवढी खंगलेली दिसत नाही, फक्त कंबरेकडे मोकळी लोंबती कातडी. चालताना पाय लटपटत होते. तिने ओढ्याचं पाणी प्यायलं, किती वेळ प्यायली! चार महिन्यांनी. मग जमिनीतून नुकते वर आलेले स्कंक कॅबेजचे हिरवे कोंब खाल्ले आणि परत आत.

आज सकाळी पिल्लं. तीन. आईचंच खरं होतं. मांजरीएवढी, काळीभोर, तोंडं तपकिरी. एक ॲशच्या बुडाशी जाऊन पिलिएटेडच्या खाचेत पंजा घालत होतं. तिने घशातून एकच आवाज काढला आणि तिन्ही शेजारच्या पाइनवर चढली.

डॉक्टर, ती लगेच निघून का जात नाही?

गुरांचा_डॉक्टर | ३ एप्रिल, रात्री ९:४०

अभिनंदन, आजींचं आधी! बाहेर आल्यावरही दोन-तीन आठवडे तिचा ऊर्जाखर्च निम्म्याच्या आसपास असतो, शरीर हळूहळू पूर्वपदावर येतं. अलास्कातल्या मोजमापात हे स्पष्ट दिसलं होतं. शिवाय पिल्लांना चढण्याचा सराव हवा. काही दिवस जागेजवळच राहील. खायला काही ठेवू नका, कितीही खंगलेली वाटली तरी.

करवत | ४ एप्रिल, सकाळी ६:१५

रानजाई, झाडवाल्याला आजच सावध करा. आणि रोज सकाळी तासभर खोडाकडे लक्ष ठेवा, ताजा भुसा खाली दिसतो का. दिसला तर मला कळवा, मग वेगळा विचार करू.

रानजाई | १७ एप्रिल, सायंकाळी ७:२५

११ तारखेला ती चौघं उतारावरून जंगलात गेली, परत आली नाहीत. तीन रात्री डेकखाली शांत. १५ला सकाळी गाडी आली. भुसा नव्हता, वर कुणी बसलेलं नव्हतं, पाळण्यातल्या माणसाने प्रत्येक छिद्र आरसा धरून पाहिलं.

एकच अडचण होती. आमच्या डाउनीची झोपायची ढोली नेमकी कललेल्या फांदीत, म्हणजे जाणाऱ्या भागात. मी करवत यांना आदल्या रात्री निरोप केला होता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे तेवढा तीन फुटांचा तुकडा अखंड उतरवला आणि उभ्या बुंध्याला त्याच तिरक्या कोनात पट्ट्यांनी बांधला, छिद्र खालच्या बाजूला. संध्याकाळी ७:२० वाजता तो आला. पूर्वी फांदी होती त्या रिकाम्या जागेपाशी हवेतच दोनदा घिरटी घातली, पाइनवर बसला, "पिक" म्हणाला आणि निघून गेला. रात्रभर मला झोप आली नाही. काल संध्याकाळी पुन्हा आला, बांधलेल्या तुकड्यावर उतरला, छिद्रात डोकं घालून पाहिलं, पण शिरला नाही.

आज सकाळी आई उठवायला आली. बुंध्याच्या पूर्वेकडे, साधारण चौदा फुटांवर, तो आणि एक मादी पाळीपाळीने ठोकत होते. आठ वाजेपर्यंत रुपयाएवढी वाटोळी खळी झाली होती. खाली गवतावर पांढरा भुसा पडलाय. मुलीने वहीत नवा रकाना आखला आहे.

डेकखालची पानं आम्ही तशीच ठेवली आहेत. मध्ये परातीएवढा खोलगट वाटोळा आकार आहे, कडेला काळे केस. आई पुढच्या महिन्यात चिखलीला परत जाईल. बुलढाणी, तिला तुमच्या विहिरीजवळची बाभूळ बघायची आहे.

बुलढाणी | १८ एप्रिल, सकाळी ६:४०

मावशींना सकाळी लवकर यायला सांगा, ऊन चढायच्या आत. मोहाची फुलं संपत आलीत, पण पिल्लंवाली परवाच दिसली. पाठीवर एकच पिल्लू होतं.